स्लाइस होतोय? नवा ड्रायव्हर घेण्याआधी एवढं तपासा

‘ड्रायव्हरने मारलेला चेंडू उजवीकडे वळत थेट झाडीत जातो. फरगिव्हिंग ड्रायव्हर घ्यायचा आहे, कोणता घेऊ?’ हा प्रश्न वाचकांकडून पुन्हा पुन्हा येतो. नव्याने गोल्फ खेळू लागलेले तो विचारतात, तसेच वर्षानुवर्षं खेळणारेही विचारतात. सोबत बहुतेकदा एखाद्या महागड्या मॉडेलचं नाव असतं, कुणीतरी सुचवलेलं. पण चेंडू सुरुवातीला कोणत्या दिशेला निघतो आणि फेसच्या कोणत्या भागावर लागतो, याचा उल्लेख जवळजवळ कुणीच करत नाही. उत्तर मात्र या दोन गोष्टींवरच ठरतं.

दुकानात ‘फरगिव्हिंग’ म्हणून जे विकलं जातं, त्यात दोन निरनिराळे गुण असतात. पहिला गुण म्हणजे, चेंडू फेसच्या मध्याऐवजी कडेला लागला तरी हेड कमी फिरतं. हेडच्या या स्थिरपणाला एमओआय म्हणतात. दुसरा गुण ड्रॉ-बायस. यात हेडचं वजन हीलकडे, म्हणजे शाफ्टच्या बाजूला सरकवलेलं असतं, त्यामुळे चेंडूपाशी येईपर्यंत फेस बंद व्हायला मदत होते. जास्त एमओआय असलेलं हेड चुकीच्या जागी लागलेला चेंडू सावरून घेतं. पण फेस उघडा राहिल्यामुळे स्लाइस होत असेल, तर चेंडू नेमका मध्यावर लागूनही उजवीकडेच वळेल, हेड कितीही स्थिर असो. पैसे वाया जातात ते बहुधा इथे.

पुढचं सारं उजव्या हाताने खेळणाऱ्यांना धरून लिहिलं आहे. डावखुऱ्यांनी दिशा उलट धराव्यात.

आधी तुमचा स्लाइस कोणता, ते ओळखा

शास्त्र लागतं ते एवढंच. ड्रायव्हरचा चेंडू मुख्यतः फेस ज्या दिशेला असतो तिकडे निघतो. नंतर तो वळतो, कारण क्लब ज्या मार्गाने आला त्या मार्गाच्या तुलनेत फेस उघडा होता. म्हणून चेंडू शेवटी कुठे पडला, यापेक्षा तो कोणत्या दिशेला निघाला, हे पाहणं जास्त उपयोगाचं.

रेंजवर जाताना सोबत कुणाला तरी घ्या. लक्ष्याच्या रेषेत जमिनीवर एक क्लब किंवा काठी ठेवा, आणि सोबत्याला तुमच्या मागे, त्याच रेषेवर सुरक्षित अंतरावर उभं करून मोबाइलवर चित्रण करायला सांगा. शरीर सैल झाल्यावर दहाएक चेंडू मारा आणि प्रत्येक चेंडूची सुरुवात टिपून ठेवा. तीनपैकी एक चित्र दिसेल:

- डावीकडे निघून उजवीकडे वळतो. क्लब बाहेरून आत येतो आहे. फेस लक्ष्याच्या डावीकडे आहे, पण क्लबच्या मार्गाच्या मानाने उघडा आहे.
- सरळ निघून उजवीकडे वळतो. फेस लक्ष्याकडे आहे, क्लबचा मार्ग डावीकडे जातो आहे.
- उजवीकडे निघून आणखी उजवीकडे वळतो. फेस लक्ष्याच्याही मानाने उघडा आहे. सर्वांत जास्त चेंडू हरवतात ते या प्रकारात.

आता दुसरी तपासणी. चेंडूवर व्हाइटबोर्डच्या मार्करने मोठा ठिपका काढा आणि ठिपक्याची बाजू फेसकडे करून चेंडू टीवर ठेवा. फटक्यानंतर ठिपका फेसवर उमटतो, ओल्या कापडाने पुसलाही जातो. ठसे मध्यावर पडतात, हीलकडे पडतात की टोकडे, म्हणजे शाफ्टपासून दूरच्या बाजूला, ते पाहा. ड्रायव्हरच्या हेडचा गुरुत्वमध्य फेसच्या बराच मागे असतो. त्यामुळे चेंडू हीलवर लागला की हेड एका दिशेला फिरतं आणि चेंडूला उलट दिशेची, उजवीकडे वळवणारी फिरकी मिळते. म्हणजे फेस आणि मार्ग दोन्ही ठीक असतानाही केवळ हीलवर लागल्याने स्लाइस होऊ शकतो. टोवर लागल्याने चेंडू डावीकडे वळायला हवा. ठसे टोवर पडत असूनही तुमचा चेंडू उजवीकडेच जात असेल, तर फेस पुष्कळच उघडा आहे असं समजा.

सात नंबरच्या आयर्नचेही काही चेंडू मारून पाहा. ते बऱ्यापैकी सरळ जातात म्हणून स्विंग ठीक आहे आणि दोष ड्रायव्हरचा आहे, असा निष्कर्ष काढू नका. जास्त लॉफ्टच्या, म्हणजे फेस मागे जास्त कललेल्या, क्लबने चेंडूला मागची फिरकी भरपूर मिळते आणि बाजूचं वळण त्यात झाकलं जातं. ड्रायव्हरचा लॉफ्ट कमी, म्हणून तोच दोष उघडा पडतो.

कोणत्या स्लाइसला कोणतं हेड

- ठसे हीलकडे किंवा फेसभर विखुरलेले असतील, तर जास्त एमओआयचं हेड आणि किंचित आखूड शाफ्ट. तुमचे पैसे इथे सर्वांत सत्कारणी लागतील.
- ठसे मध्यावर, पण चेंडू उजवीकडे निघून उजवीकडे वळणारा असेल, तर ड्रॉ-बायस हेड आणि जास्त लॉफ्ट. फेस थोडा जरी बंद झाला तरी सुरुवातीची दिशा आणि वळण, दोन्ही सुधारतात.
- चेंडू सरळ निघून वळत असेल, तर ड्रॉ-बायसचा उपयोग होतो, पण मर्यादित. वळण कमी होतं आणि चेंडूची सुरुवात थोडी डावीकडे सरकते.
- चेंडू डावीकडे निघून वळत असेल, तर सावध राहा. ड्रॉ-बायसने फेस आणखी बंद झाला की चेंडू वळायचा थांबेल आणि सरळ डावीकडच्या झाडीत जाईल. इथे क्लबचा मार्ग बदलणं हाच उपाय आहे. तोवर साधं, स्थिर हेड वापरा.

पिंगच्या एसएफटी मालिकेतली हेडं, टेलरमेडची सिम २ मॅक्स डी आणि स्टेल्थ एचडी, कॅलवेची पॅराडाइम एआय स्मोक मॅक्स डी ही ड्रॉ-बायस प्रकारातली. पिंगचं जी४३० मॅक्स १०के आणि टेलरमेडचं क्यूआय१० मॅक्स, दोन्ही २०२४ मधली, स्थिरतेवर भर देणारी. नावातला ‘मॅक्स’ बहुतेक कंपन्यांत स्थिरतेकडे निर्देश करतो, आणि ‘एलएस’ असलेली हेडं कमी फिरकीची, वेगवान खेळाडूंसाठी असतात. स्लाइस असलेल्यांनी एलएसच्या वाटेला जाऊ नये. कमी फिरकीमुळे अंतर वाढतं हे खरं, पण तिथे चुकीला जागा फार कमी उरते.

वजन खूप मागे नेलेलं मोठं हेड काही खेळाडूंच्या हातात वेळेत बंद होत नाही. म्हणजे स्थिरतेचा आकडा सर्वांत मोठा असलेला ड्रायव्हर तुमचा स्लाइस वाढवूही शकतो. म्हणून आकडा पाहून क्लब मागवू नका, मारून पाहा.

ड्रॉ-बायसकडून अपेक्षाही माफक ठेवा. चाळीस-पन्नास यार्ड वळणारा स्लाइस कोणतंच हेड पुसून टाकत नाही. त्यातला काही भाग कमी होईल, आणि तेवढ्यानेही चेंडू हद्दीबाहेर न जाता रफमध्ये थांबला तर मोठा फायदा आहे. हद्दीबाहेर गेला की नियम १८.२ प्रमाणे एक दंड आणि पुन्हा त्याच जागेवरून फटका. टीवरून मारलेला पुढचा चेंडू तुमचा तिसरा फटका ठरतो.

लॉफ्ट: इथे आग्रह धरा

स्लाइस असलेल्या खेळाडूंच्या बॅगेत मला ९ अंशांचे ड्रायव्हर वारंवार दिसतात. टीव्हीवरचे खेळाडू कमी लॉफ्ट वापरतात, कमी लॉफ्ट म्हणजे चांगला खेळाडू, असा समज त्यामागे असतो. पीजीए टूरवरच्या खेळाडूच्या क्लबचा वेग ताशी सरासरी ११५ मैलांच्या आसपास असतो, सर्वसाधारण हौशी पुरुष खेळाडूचा ९० ते ९५ मैलांच्या घरात. या वेगाला आणि उघड्या फेसला ९ अंश म्हणजे शिक्षा आहे.

१०.५ अंशांपासून सुरुवात करा. वेग ताशी ८५ मैलांहून कमी असेल तर १२ अंशही मारून पाहा. जास्त लॉफ्टने चेंडू उंच उडतो आणि तेवढ्याच उघड्या फेसला कमी वळतो. आपल्याकडे याचं आणखी एक कारण आहे. पुण्या-मुंबईत जून ते सप्टेंबर फेअरवे भिजलेले असतात, चेंडू पडला की तिथेच रुततो. त्या चार महिन्यांत हवेतलं अंतर तेवढंच आपलं.

बहुतेक नव्या ड्रायव्हरमध्ये लॉफ्ट बदलणारी स्लीव्ह असते. हिची एक गंमत अनेकांना माहीत नसते. लॉफ्ट वाढवला की जमिनीवर टेकवलेल्या हेडचा फेस थोडा बंद होतो, घटवला की उघडतो. म्हणून १०.५ अंशांचा ड्रायव्हर घेऊन स्लीव्हने तो ९.५ वर आणणं म्हणजे स्लाइसला आमंत्रण. उलट ९ अंशांचा ड्रायव्हर तुमच्याकडे आधीच असेल, तर नवा घेण्यापूर्वी स्लीव्हने लॉफ्ट वाढवून पाहा. स्लीव्हवर ‘अपराइट’ किंवा ‘ड्रॉ’ अशी खूण असेल तर तीही तपासा.

शाफ्ट आणि लांबी

शाफ्टबद्दल दुकानात पुष्कळ ऐकवलं जातं. तुमच्या निर्णयापुरतं एवढं पुरे:

- ताशी ८५ ते ९५ मैल वेगाला बहुधा रेग्युलर, त्याखाली सीनियर किंवा लाइट, ९५च्या वर स्टिफ. पण एका कंपनीचा रेग्युलर दुसरीच्या स्टिफइतका कडक असू शकतो. छापील अक्षरावर विसंबू नका.
- गरजेपेक्षा कडक आणि जड शाफ्टने फेस उघडा राहण्याची शक्यता वाढते. ‘स्टिफ’ घेण्यात मोठेपणा नाही.
- दुकानातले ड्रायव्हर साधारण ४५.५ इंचांचे किंवा त्याहून थोडे लांब असतात. लांब शाफ्टने वेग मिळतो, पण चेंडू मध्यावर लागणं अवघड होतं.

लांबीची चाचणी फुकटात होते. तुमच्याच ड्रायव्हरवर हात एक इंच खाली धरा आणि मार्करच्या ठिपक्याची तपासणी पुन्हा करा. ठसे मध्याकडे गोळा झाले, तर शाफ्ट कापून घेण्याचा विचार करा. अर्धा ते एक इंच कापल्यावर हेड हलकं वाटू लागतं, म्हणून कापणाऱ्याला हेडवर थोडं वजन वाढवून द्यायला सांगा.

ग्रिप हातात भरण्याइतकी असावी, फार जाड नको. जाड ग्रिपने मनगटं कमी फिरतात, असा अनेक फिटरांचा अनुभव आहे.

फिटिंगला गेल्यावर

चष्मा जसा डोळे तपासल्याशिवाय घेत नाही, तसा ड्रायव्हर लॉन्च मॉनिटर या मोजणीच्या यंत्रावर मारल्याशिवाय घेऊ नका. फिटिंगचे पैसे वेगळे लागले तरी द्या. खरेदी केल्यास ते वजा होतील का, हे आधी विचारा.

फिटरला सुरुवातीलाच सांगा: ‘मला अंतर नको, चेंडू खेळात राहायला हवा.’ नाहीतर पडद्यावर सगळ्यात मोठा दिसणारा आकडा अंतराचा असतो आणि सौदाही त्यावरच ठरतो. मग हे मागा:

- क्लबचा मार्ग आणि त्याच्या तुलनेत फेस किती उघडा, हे दोन आकडे. काही यंत्रं फक्त चेंडू मोजतात, क्लब मोजत नाहीत. तुमच्यासमोरचं यंत्र कोणतं, ते विचारून घ्या.
- चेंडू फेसवर कुठे लागला, याची नोंद. यंत्र देत नसेल तर मार्कर खिशात असू द्या.
- सगळे चेंडू किती रुंदीत पसरले, याचं चित्र.

तुमचा जुना ड्रायव्हर सोबत न्या आणि आधी त्यानेच मारा. तुलना त्याच्याशी व्हायला हवी. रेंजच्या झिजलेल्या चेंडूंऐवजी तुम्ही खेळता ते चेंडू वापरता आले तर उत्तम. प्रत्येक हेडने आठ-दहा चेंडू मारा आणि एकही नोंद पुसू देऊ नका. ‘हा धरू नका, चुकला’ असं आपण सहज म्हणतो, पण निर्णय त्या चुकलेल्या चेंडूंवरच घ्यायचा असतो. ज्या ड्रायव्हरचे सर्वांत वाईट दोन फटके कमी नुकसान करतात, तो तुमचा ड्रायव्हर. सर्वांत लांब गेलेला एक फटका विसरून जा.

थकल्यावर थांबा. तासाभरानंतर स्विंग बदलतो आणि शेवटी हातात असलेल्या क्लबवर विनाकारण ठपका येतो. शक्य असेल तर त्या दिवशी पैसे न देता डेमो क्लब मैदानावर एक फेरी खेळायला मागा. नेटमध्ये सरळ जाणारा चेंडू उजवीकडे पाण्याचा खड्डा दिसताच वळू लागतो, हे येरवड्याला खेळा की चेंबूरला, तेच.

नियमांत बसतो का?

अमेरिका आणि मेक्सिको वगळता जगभर आर अँड ए या संस्थेचे नियम चालतात, भारतातही. मित्रांसोबतच्या खेळात काहीही वापरा. स्पर्धेत उतरणार असाल तर हेड मान्यताप्राप्त यादीत आहे का, ते संस्थेच्या संकेतस्थळावर पाहा. हेडचं आकारमान ४६० घनसेंटिमीटरपर्यंत, लांबी ४८ इंचांपर्यंत चालते. २०२२ पासून वरच्या दर्जाच्या स्पर्धांत स्थानिक नियमाने ४६ इंचांची मर्यादा घालता येते. फेसच्या उसळीलाही मर्यादा आहे, आणि ‘हाय सीओआर’ म्हणून विकले जाणारे ड्रायव्हर ती ओलांडतात. अमान्य क्लबने स्पर्धेत फटका मारला तर खेळाडू बाद होतो.

‘१०के’ ड्रायव्हर नियमाबाहेरचे आहेत का, असंही काहींनी विचारलं आहे. नाहीत. नियमातली एमओआयची ५,९०० ग्रॅम-चौरस सेंटिमीटरची मर्यादा एका अक्षापुरती आहे. दहा हजार हा आकडा दोन अक्षांची बेरीज आहे.

आणि फेरी सुरू झाल्यावर स्लीव्हला किंवा वजनांना हात लावू नका. चुकून बदल केलाच, तर पुढचा फटका मारण्याआधी तो पूर्ववत करा. तसं केल्यास दंड नाही. बदललेल्या क्लबने फटका मारलात तर बाद.

जुना ड्रायव्हर, नकली ड्रायव्हर आणि तुमचे हक्क

दोन-तीन पिढ्या जुना, चांगल्या अवस्थेतला ड्रायव्हर घ्यायला माझा पूर्ण पाठिंबा आहे. स्थिरतेत दरवर्षी होणारी सुधारणा थोडी असते, किमतीत पडणारा फरक मोठा. घेताना फेसवर आणि क्राउनच्या कडेला बारीक तडे आहेत का ते उजेडात पाहा, हेड कानाजवळ हलवून आत काही खुळखुळतं का ऐका, स्लीव्ह काढून पुन्हा बसवून घ्या.

नकली क्लबांपासून जपा. नव्या मॉडेलची किंमत अधिकृत विक्रेत्याच्या निम्म्याहून कमी असेल तर ती सवलत नसते. क्लबवर अनुक्रमांक असल्यास कंपनीच्या भारतातल्या विक्रेत्याकडून तो पडताळून घ्या. आयात केलेल्या मालाच्या वेष्टनावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश आणि कमाल किरकोळ किंमत पाहा.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ तुम्हाला काय देतो:

- बिल मागण्याचा हक्क. बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे.
- सदोष वस्तू बिलात लिहिलेल्या मुदतीत, मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत घेण्यास नकार देणं हीही अनुचित प्रथा.
- तक्रार तुम्ही राहता किंवा काम करता तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते. मुदत दोन वर्षं. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहा.

मात्र ‘स्लाइस गेला नाही’ हा वस्तूतला दोष ठरत नाही. म्हणून बदलून देण्याची मुदत आणि अट पैसे देण्याआधी लेखी घ्या. क्लबमधल्या एखाद्या सभासदाकडून खासगीत घेतलेल्या ड्रायव्हरला या कायद्याचा आधार गृहीत धरू नका. परदेशातल्या मुला-मुलींकडून मागवणार असाल, तर ती वॉरंटी भारतात चालते का, हे कंपनीला विचारा. बॅगेज नियमांतली करमुक्त मर्यादा प्रवासाआधी पाहून ठेवा. गोल्फचे क्लब विमानात केबिनमध्ये नेता येत नाहीत.

आत्ताच घेऊ नये, असंही असू शकतं

चेंडू डावीकडे निघून वळणारा असेल, किंवा तुम्ही स्लाइस धरून डावीकडे उभे राहत असाल, तर पहिले पैसे प्रोच्या शिकवणीवर खर्च करा. डावीकडे रोख धरल्याने क्लबचा मार्ग आणखी डावीकडे जातो आणि स्लाइस वाढतो. डाव्या हाताची पकड आधी पाहा. चेंडूपाशी उभं राहून खाली नजर टाकली की त्या हाताचे दोन ते तीन सांधे दिसायला हवेत. एकच दिसत असेल तर पकड किंचित उजवीकडे फिरवा. चेंडू डाव्या टाचेच्या फार पुढे ठेवत नाही ना, तेही तपासा. तोवर अरुंद होलवर तीन नंबरच्या वुडने टीवरून मारा. त्याचा लॉफ्ट १५ अंशांच्या आसपास आणि शाफ्ट आखूड असतो, त्यामुळे चेंडू कमी वळतो.

घेतल्यानंतर

स्लीव्ह आणि वजनांची सुरुवातीची जागा मोबाइलवर टिपून ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि पुढचा बदल करण्याआधी दोन-तीन फेऱ्या खेळा. स्क्रू सोबत आलेल्या पान्यानेच आवळा. पान्याचा ‘टक’ असा आवाज झाला की पुरे.

शिकवणी सुरू ठेवली असेल, तर काही महिन्यांत फेस वेळेवर बंद होऊ लागेल आणि चेंडू डावीकडे जायला लागेल. तेव्हा घाबरून पकड पुन्हा जुन्यासारखी करू नका. आधी स्लीव्ह मूळ खुणेवर आणा. तेवढ्याने भागलं नाही, तर हीलकडचं सरकतं वजन मध्यावर घ्या. हेडमध्ये तशी सोय नसेल, तर फिटरकडे जाऊन साध्या हेडशी बदल करता येतो का विचारा. बदलायचा असेल तेव्हा किंमत बरी यावी, म्हणून बिल, पाना आणि हेडचं कव्हर जपून ठेवा.